मॅडमचा उजवा हात

४ जून

पाच वर्षं जनावरांच्या डॉक्टरकीचा अभ्यास झाला, आता सहा महिने प्रत्यक्ष दवाखान्यात काढायचे, मगच डिग्री. वर्गातल्या सगळ्यांनी शहरातली मोठमोठी रुग्णालयं मागून घेतली. मागण्या गोळा केल्या त्या दिवशी मी तापाने झोपले होते, म्हणून जे उरलं ते माझ्या वाट्याला आलं. छोट्या गावातला दोन खोल्यांचा दवाखाना, मागे अंगणात जनावरं उभी करायचा लोखंडी खोडा आणि वरच्या मजल्यावर माझी खोली. भिंतीला ओल आहे.

इथे डॉक्टर एकच. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. पन्नाशीच्या पुढच्या, केस आखूड, आवाज अंगणापलीकडे जाणारा. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, "हात दाखव." मी दाखवले. "नखं काप," म्हणाल्या आणि शेळीकडे वळल्या. झालं माझं स्वागत.

संध्याकाळी बाबांचा फोन. "पोचलीस ना? बरं." आणि नेहमीसारखा फोन आईकडे. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्यांना मुलगी माणसांची डॉक्टर व्हायला हवी होती. गिऱ्हाइकांना ते "मुलगी डॉक्टरकी करतेय" एवढंच सांगतात. कोणाची, ते सांगत नाहीत.

९ जून

मॅडमचा फोन गप्प बसत नाही. लोक कुत्र्याच्या जिभेचे, शेळीच्या कानाचे, काहीही ओळखू न येणाऱ्या कशाचेतरी फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "हे काय असेल?" एकाने गाईला उरलंसुरलं अँटिबायोटिक स्वतःच देऊन टाकलं होतं, शेजाऱ्याच्या बैलाचं. मॅडमनी त्याला इतकं झापलं की मीच दोन पावलं मागे सरकले. दुपारी एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही राहू द्या, खऱ्या डॉक्टरांना बोलवा." मॅडम आल्यावर त्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, "पण माणसांचं का नाही शिकलात?" मॅडम म्हणाल्या, "माणसं चावतात."

मॅडम डबा उभ्यानेच खातात. शेवटची सुट्टी कधी घेतली होती विचारलं, तर म्हणाल्या, "अपेंडिक्स काढलं तेव्हा."

बाबांचा पुन्हा फोन. त्यांच्या एका गिऱ्हाइकाचं मांजर शिंकतंय म्हणे. मी सांगितलं, नाक कोमट पाण्याने पुसा, जेवण थोडं गरम करून द्या म्हणजे वास येईल. बाबांनी "थांब, लिहून घेतो" म्हटलं. गिऱ्हाइकांची इतकी काळजी घेतात, दुकान चालणारच.

१७ जून

तीस वर्षं म्हशींच्या लाथा चुकवलेल्या बाई आज कासवाला अडखळून पडल्या.

कोणीतरी कासव तपासायला आणलं होतं. मालक कागद भरत असताना ते टेबलाखालून फिरायला निघालं. मॅडम सिरिंज घेऊन मागे सरकल्या आणि थेट जमिनीवर. उजवं मनगट मोडलं. कासवाला ओरखडाही नाही. मॅडमनी माणसांच्या दवाखान्यात जायच्या आधी ते मला नीट तपासायला लावलं.

सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर करणाऱ्या डॉक्टरशी त्या कापसाच्या थरावरून वाद घालून आल्या. शेजारच्या गावच्या डॉक्टरांना फोन केला, पण त्यांच्याकडे आधीच दोन गावं आहेत. त्यांच्याकडची जागा तीन वर्षं रिकामी आहे, कोणी येतच नाही.

"कॉलेजला कळव," मॅडम म्हणाल्या. "ते तुला दुसरीकडे पाठवतील. मी सहा आठवडे कुलूप लावते."

मी म्हटलं, "तुम्ही शेजारी उभं राहून सांगा, मी करते."

"तुला जमेल?"

"नाही जमलं तर तुम्ही ओरडालच."

त्यांनी विचार केला. "ओरडेन," म्हणाल्या.

मी का म्हटलं तसं, कोण जाणे. असो. सहाच आठवडे आहेत.

२३ जून

मॅडम बोलतात, मी करते. शेळीच्या पायाला टाके घातले, एका कुत्र्याच्या कानातून गवताची काडी काढली, कोंबड्यांना लस दिली. सकाळी पाच मिनिटं उशीर झाला तर मॅडम बाहेर बसलेल्यांना सांगत होत्या, "थांबा जरा, माझा उजवा हात आंघोळीला गेलाय."

बाबांच्या गिऱ्हाइकाचं मांजर आता बरं आहे, पण फार खातंय आणि पोट सुटलंय. मी म्हटलं, जेवण कमी करायला सांगा. बाबा म्हणाले, "अगं पण तो असा बघतो ना." मी म्हटलं, तुमच्याकडे कशाला बघेल? बाबा म्हणाले, "नाही, म्हणजे गिऱ्हाइकाकडे."

आईने फोन घेतला. ती म्हणाली, "हल्ली तुझ्या बाबांना दुकान बंद करायला फार वेळ लागतो. आणि दूध पुरत नाही." आईला वाटतं मी सगळं दुरुस्त करू शकते.

२८ जून

हात अजून दुखतोय, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी दूधवाल्या काकूंचं बोलावणं आलं. त्यांच्या गोठ्यात पाच म्हशी, त्यातली सगळ्यात जास्त दूध देणारी कालपासून अस्वस्थ. दिवस भरलेत, ऊठबस करतेय, पण कळा देत नाही. आम्ही गेलो तेव्हा ती भिंतीला डोकं टेकून उभी होती.

मॅडमनी स्वतःच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हात घाल."

खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, वंगण लावलं, हात घातला. "काय लागतंय?"

"वाट पुढे अरुंद होत जातेय. पिळलेल्या टॉवेलसारखी."

"गर्भपिशवीला पीळ पडलाय," मॅडम काकूंना म्हणाल्या. "रेडकू आत आहे, पण दार मुरगळलंय. आडवं पाडून लोळवावं लागेल." मग मला म्हणाल्या, "कोणत्या बाजूला?"

प्रश्न एवढाच होता. ज्या बाजूला पीळ, त्याच बाजूला म्हैस लोळवायची. पोटावर फळी दाबून धरायची, म्हणजे पिशवी जागेवर राहते, म्हैस तिच्याभोवती फिरते आणि पीळ उलगडतो. चुकीच्या बाजूला लोळवली तर पीळ आणखी घट्ट, आणि मग म्हैसही गेली, रेडकूही गेलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की पीळ बहुतेक वेळा उजवीकडे असतो. परीक्षेत तेच लिहून मी पूर्ण मार्क मिळवलेत. पण माझ्या हाताखालच्या घड्या डावीकडे वळत होत्या.

"डावीकडे," मी म्हटलं. "पण पुस्तकात बहुतेक वेळा..."

"पुस्तकातली म्हैस आज इथे आलेली नाही. तुझ्या हाताखाली आहे तिचं सांग."

मी डोळे मिटले आणि पुन्हा सावकाश चाचपलं. "डावीकडे."

"नक्की?"

"नक्की."

त्यापुढे त्यांनी विचारलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. वर्गात आम्ही काही बोललो तर कोणीतरी वरिष्ठ तपासायला असायचं. इथे माझ्यावर तपासायला कोणी नव्हतं. जिचा हात आत जाऊ शकत होता अशी मी एकटीच.

दोर बांधून म्हशीला डाव्या कुशीवर पाडलं. फळीवर वजनदार माणूस हवा होता. काकूंचे यजमान चांगले जाडजूड, पण रक्त पाहिलं की चक्कर येणारे. काकू त्यांना म्हणाल्या, "डोळे मिटून उभे राहा, घरात असता तसे." ते फळीवर चढले आणि खरंच डोळे मिटले. मॅडमनी एका हाताने दोराचं टोक धरलं, गोठ्यातले सगळे ओढायला लागले, म्हैस पाठीवरून पलीकडे आली. मी हात घातला. काही नाही. पुन्हा लोळवली. पुन्हा हात. तसंच.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"तू डावीकडे म्हणालीस," मॅडम म्हणाल्या. "डावीकडेच चाललोय."

तिसऱ्यांदा लोळवून हात घातला, तर आत काहीतरी सुटल्यासारखं लागलं. भळाभळा पाणी माझ्या मांडीवर आणि माझ्या बोटांवर दोन खूर. छोटे, मऊ, हलणारे. मी काय बोलले आठवत नाही. काकू सांगतात, मी "आहे, आहे, आहे" असं ओरडत होते.

रेडकू झालं. नाकातला चिकटा काढला, गवताने अंग चोळलं, तेव्हा कुठे ते शिंकलं. काकूंच्या यजमानांनी विचारलं, "डोळे उघडू का?"

नंतर चहा दिला. मॅडमनी बशीत ओतताना अर्धा चहा बाहेर सांडला. डाव्या हाताची सवय नाही ना.

६ जुलै

आज माझ्यासाठी गमबूट आले. आधीचे दोन नंबर मोठे होते, चालताना पाण्याच्या बादलीसारखा आवाज यायचा. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या विद्यार्थ्यांना पण होतील." माझे पाय पाचव्या इयत्तेतल्या मुलीएवढे आहेत, पुढचा विद्यार्थी कोण असणार आहे देव जाणे.

वरच्या खोलीची ओल काढायला माणूस आलाय. मॅडमनी रंग विचारला. "कोणालाही आवडेल असा सांग." मी फिका पिवळा सांगितला.

माझ्या मैत्रिणीचा फोन. ती आमच्या वर्गात पहिली यायची, म्हणून तिला सगळे टॉपर म्हणतात. ती शहरातल्या काचेच्या दारांच्या रुग्णालयात आहे. तिथे मांजरांना वेगळी आणि कुत्र्यांना वेगळी खोली, सगळी यंत्रं, आठवड्याला सुट्टी. "इथे जागा निघतेय," ती म्हणाली. "अर्ज कर. त्या म्हशींमध्ये आयुष्य काढणार आहेस का?" मी अर्ज केला. अर्थातच केला.

१५ जुलै

आज दोन गोष्टी झाल्या. आधी अवघड ती.

शिंपीकाकांचा कुत्रा. सोळा वर्षं त्यांच्या शिलाईच्या मशीनखाली झोपला. आता मूत्रपिंडं गेली आहेत, चार दिवस अन्न नाही, मान उचलत नाही. काकांनी मॅडमना विचारलं नाही, मला विचारलं, "तुमचा असता तर काय केलं असतं?"

मी म्हटलं, "जाऊ दिला असता."

मॅडम म्हणाल्या, डाव्या हाताने मला जमेल, तू बाहेर थांब. पण काकांनी माझी बाही धरली होती. आम्ही टेबल नको म्हटलं. जमिनीवर काकांचा जुना कोट अंथरला, कुत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. मी आधी झोपेचं दिलं, मग थांबले, मग दुसरं. काका त्याला पूर्ण वेळ सांगत होते की दुकानात कोणाकोणाचे कपडे शिवून द्यायचे राहिलेत. नंतरही बराच वेळ सांगत होते. मी उठले नाही. बाहेर लोक खोळंबले होते, तरी मॅडमनी कोणाला आत सोडलं नाही.

मग मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. मॅडम दारात आल्या. "रडून झालं की तोंड धू, बाहेर मांजर थांबलंय." जाता जाता वळल्या. "आणि रडू यायचं थांबेल त्या दिवशी मला सांग."

"का?"

"त्या दिवशी सुट्टी घ्यायची असते. मी घेतली नव्हती."

तोंड धुऊन बाहेर आले तर बाकावर बाबा. मांडीवर चष्म्याच्या फ्रेम्सचं खोकं, त्याला भोकं पाडलेली, आणि एका भोकातून एक पंजा बाबांच्या शर्टाच्या बटणाशी खेळतोय. बसने तीन तास आले होते.

"गिऱ्हाइकाचं," बाबा म्हणाले.

मी खोकं उघडलं. पांढरं मांजर, दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. ते बाहेर आलं, बाबांच्या खांद्यावर चढलं आणि त्यांच्या कानात घुर्र घुर्र करायला लागलं.

"बाबा, हे गिऱ्हाइक कोण?"

बाबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. पुसलेला परत पुसला. "दुकानात आला एक दिवस," म्हणाले. "जाईना. चष्मिस नाव ठेवलंय. तुझ्या आईला सांगू नकोस."

आईला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, हे माझ्या लक्षात आता येतंय.

"तू म्हणालीस तसं खाणं कमी केलं, तरी पोट वाढतंय. मला वाटलं गाठ असेल." त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी पोट चाचपलं. एक, दोन, तीन, बहुधा चार. मॅडमनी डाव्या हाताने खात्री केली आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"बाबा," मी म्हटलं, "चष्मिस हा तो नाही. ती आहे. आणि तुम्ही आजोबा होणार आहात. आणि खाणं कमी करा हे मी तपासायच्या आधी सांगितलं ही चूक माझी, आता दुप्पट द्या."

बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. बाबांनी खोक्याची भोकं एकदा तपासली. मग म्हणाले, "तो कोट घेऊन गेला तो माणूस. दार अर्धं उघडं होतं, मी पाहिलं. किती वेळ बसलीस त्याच्याजवळ." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "माझ्या मोतीबिंदूच्या डॉक्टरने माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं."

बसमध्ये कंडक्टरने खोक्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. बाबांचं उत्तर मला खिडकीतून ऐकू आलं, आणि बसमधल्या सगळ्यांनाही आलं असणार. "मुलीकडे आलो होतो. जनावरांची डॉक्टर आहे."

२ ऑगस्ट

मॅडमचं प्लास्टर निघालं. हात वाळक्या काडीसारखा दिसतो. मला वाटलं आता मी मागे उभी राहायची, पण आज तीनही ऑपरेशनं मलाच करायला लावली. हात अजून अवघडतो म्हणे. संध्याकाळी याच हाताने त्यांनी औषधांचं जड कपाट सरकवलं.

९ ऑगस्ट

शहरात मुलाखत. काचेचं दार आपोआप उघडतं. आत फिनाईलचासुद्धा वास नाही. तीन जण समोर बसले होते. मुख्य डॉक्टरांनी विचारलं, "इथे का यायचंय?"

मी खरं ते सांगितलं. "तुमच्याकडे सुट्टी असते. आणि अवघड प्रसंगी शेजारी दुसरा डॉक्टर असतो."

ते हसले, पण मान डोलावली. मग आजवरचा अनुभव विचारला. मी आमच्या म्हशीचं सांगितलं. मग आमच्या शिंपीकाकांचं, मग आमच्याकडे लोक कसे फोटो पाठवतात ते, मग कासवाचं. तिघांतल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा थांबले. मुख्य डॉक्टर म्हणाले, "जागा तुमची. डिसेंबरपासून या. पंधरा दिवसांत कळवा." आणि मग, "तुमची तयारी आहे ना नक्की?" असा प्रश्न का विचारला कळलं नाही.

टॉपरने रुग्णालय दाखवलं. सुंदर आहे. ती मात्र बारीक झालीये. तिच्याकडेही माणसं ओरडतात, फक्त बिलावरून आणि इंटरनेटवर.

जायचं ठरलंच आहे. फक्त आमचं बिघडलेलं क्ष-किरण यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय कळवणं बरं दिसत नाही. शिवाय पुढच्या आठवड्यात लसीकरण आहे. पंधरा दिवस दिलेत, घाई काय.

२१ ऑगस्ट

शहरातल्या नोकरीचं मॅडमना सांगितलं. त्या कोंबडीची चोच तपासत होत्या. "चांगलं झालं," म्हणाल्या. "जा."

मला राग आला. "थांब म्हणणार नाही?"

"नाही. मी तुझ्या वयाची होते तेव्हा मला सगळे थांब म्हणाले होते. मी थांबले. मला काम आवडतं, आजही आवडतं. पण मला नीट झोपून किती वर्षं झाली, मोजायला बसले तर मोजता येणार नाहीत. तुला त्यात ओढून बसवायचं आणि वर त्याला सेवा म्हणायचं, हे मला जमत नाही." कोंबडी सोडून दिली. "खोली मी उगाच रंगवली. चूक माझी."

मी वर गेले. फिक्या पिवळ्या भिंतीकडे पाहत बसले. गमबूट दाराशी होते. गाढव आहे मी. भिंत, बूट, कपाट, सगळं समोर होतं.

खाली आले आणि मॅडमच्या देखत शेजारच्या गावच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, तुमच्या दोन गावांचं आणि आमच्या एकाचं मिळून तिघं डॉक्टर झालो, तर रविवार आळीपाळीने वाटून घ्यायचे का? तातडीचं काम एकाने बघायचं, बाकी दोघांनी फोन बंद ठेवायचा. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "बंद म्हणजे पूर्ण बंद?"

मॅडम ऐकत होत्या. "हे काम असं चालत नसतं," म्हणाल्या.

"म्हणून तर कोणी येत नाही," मी म्हटलं. "मी राहते. पण अशा अटीवर. आणि फोटो पाठवायला वेगळा नंबर, सहानंतर बंद. आणि डबा बसून खायचा."

"डबा पण?"

"डबा पण."

त्या हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

शहरात 'येत नाही' असं कळवलं. मुख्य डॉक्टर म्हणाले, "मला अंदाज होता." त्यांना कसा काय अंदाज होता?

८ डिसेंबर, रविवार

डिग्री झाली, नोंदणी झाली. आजचा रविवार माझ्याकडे, माझ्या एकटीकडे. मॅडमना काल संध्याकाळीच घरी पाठवलं. फोन बंद ठेवायचं कबूल करून गेल्या.

सकाळी दार उघडलं तर बाक भरलेला. दोन शेळ्या, गोणीत कोंबडा, एक कुत्रा ज्याने अख्खा मोजा गिळलाय, लंगडणारं गाढव आणि त्याच्या मालकाचे दोन भाऊ सल्ला द्यायला. पहिली शेळी आत घेते न घेते तोच फोन वाजला. मॅडम.

"गर्दी आहे का?"

मी दारातून बाहेर पाहिलं. गाढवाने कोंबड्याची गोणी तोंडात धरली होती.

"कोणीच नाही," मी म्हटलं. "झोपा तुम्ही."

तेवढ्यात शेळी ओरडली.

"हे काय?"

"रेडिओ."

मग "बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दिवसभर पुन्हा आला नाही. मध्येच एकदा मी लावून पाहिला. बंद होता.